उन्हाळ्याच्या तोंडावरची परसबाग : चिमूर परिसरातील पाण्याचा हिशेब

माघातील श्री बालाजीची घोडायात्रा आटोपली की चिमूरच्या बाजारपेठेतील गर्दी ओसरू लागते आणि उमा नदीच्या काठावरून येणाऱ्या वाऱ्यातील गारवा दिवसागणिक कमी होत जातो. रब्बीची पिके पक्वतेकडे झुकलेली असतात. घरामागच्या सांदवाडीत हिवाळ्यात बहरलेले वांग्याचे वाफे, सांभाराची हिरवी पट्टी, पालक आणि मेथी ही मात्र अद्याप तग धरून असतात. आणखी दोन महिन्यांनी त्याच जागी भेगाळलेली जमीन आणि वाळलेल्या काटक्या दिसू लागतात. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यामुळे ‘उन्हाळ्यात परसबाग होत नाही’ अशी समजूत या भागात सर्वसाधारणपणे रूढ झालेली आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. पावसाळ्यात केली तशी व तेवढी बाग उन्हाळ्यात होत नाही, हे खरे. परंतु उपलब्ध पाण्याच्या मापाने आखलेली आणि ऊन वाढेल तसतशी आटोपती घेतलेली लहान बाग मृगापर्यंत हिरवी राहू शकते. ती कशी राखावी याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या लढ्यामुळे चिमूरचे नाव देशभर पोहोचले. त्या चिमूरच्या आसपासची गावे येथे उदाहरणादाखल घेतली असली, तरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही वनजिल्ह्यांतील बहुतेक गावांना हे विवेचन लागू पडेल.

गरज कशाची?

राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद हिने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला असावा. पाच माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने दररोज २ किलो भाजी लागेल. उन्हाळ्यात बाजारातील पालेभाजी महागते, ती शिळी व सुकलेली मिळते आणि मजुरीवर अवलंबून असणाऱ्या घरांतून ती ताटातून हळूहळू नाहीशी होते. मग डाळीचे वरण, चटणी, कांदा आणि हिवाळ्यात वाळवून ठेवलेला वांग्यांचा खुला यांवर भागविले जाते.

या उणिवेचे परिणाम दूरवर पोहोचतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. जंतविकार, वारंवार येणारा हिवताप, सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार, कमी अंतराची बाळंतपणे आणि अपुरा आहार यांचा त्यात वाटा असतो. परसबागेने हे सर्व प्रश्न सुटतील असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पालेभाजीतील लोह शरीरात फार थोड्या प्रमाणात शोषले जाते, ही मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. मात्र त्याच जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्चा आंबा असल्यास हे प्रमाण वाढते. चैत्रात कैरी दारातच असते. तेव्हा चवळाईची भाजी आणि कैरीची चटणी एकाच ताटात असणे, ही साधी गोष्ट शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

पाण्याच्या मापाने बाग

उन्हाळी परसबाग फसण्याचे मुख्य कारण म्हणजे ती जागेच्या मापाने आखली जाते. सांदवाडी मोठी आहे म्हणून वाफे पुष्कळ पाडले जातात. पुढे पाणी पुरत नाही. सर्वच वाफ्यांना थोडे थोडे पाणी दिले जाते आणि अखेरीस सर्वच वाफे वाळतात. म्हणून पहिली फाळ घालण्यापूर्वी पाण्याचा हिशेब करणे अगत्याचे आहे.

हा हिशेब प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल इतका सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आच्छादन घातलेल्या भाजीच्या वाफ्याला फेब्रुवारीच्या अखेरीस रोज सुमारे ४ मिलिमीटर, एप्रिलमध्ये ६ आणि मे महिन्यात ८ मिलिमीटर पाणी लागेल, असे ढोबळ मान धरावे. म्हणजेच एका चौरस मीटरला अनुक्रमे ४, ६ आणि ८ लिटर.

आता घरातील पाणी पाहू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरण्यात आले. पाच माणसांचे २७५ लिटर झाले. त्यातील पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि शौचालयाचे पाणी वगळले, कपड्यांचे साबणाचे दाट पाणीही बाजूला ठेवले, तरी आंघोळ, भांडी, धान्य-भाजी धुणे आणि कपडे खळबळणे यांचे मिळून सुमारे १२० लिटर पाणी बागेसाठी धरता येते. पंधरा लिटरच्या बादलीने हे पाणी आठ बादल्या भरते. याहून अधिक पाणी विहिरीतून किंवा नळातून घेण्याची वेळ येऊ नये; कारण उन्हाळ्यात गावातील पिण्याच्या पाण्यावर बागेचा भार पडणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय ठरणार नाही.

१२० लिटर पाण्याला ४ ने भागले तर ३०, ६ ने भागले तर २० आणि ८ ने भागले तर १५ हे उत्तर येते. उन्हाळी परसबागेचे गमक या तीन आकड्यांत आहे. फेब्रुवारीत ३० चौरस मीटरवर असलेली बाग एप्रिलमध्ये सुमारे २० आणि मे महिन्यात १५ चौरस मीटरवर यावयास हवी. एखाद्या घरी ८० लिटरच सांडपाणी निघत असेल, तर त्याने हाच भागाकार आपल्या आकड्याने करावा आणि तेवढीच बाग धरावी.

वाफ्यांची मांडणी

३ मीटर लांब व १ मीटर रुंद असे दहा वाफे पाडले म्हणजे ३० चौरस मीटर जागा होते. वाफा मीटरभर रुंद ठेवल्यास दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय देण्याची गरज पडत नाही. पावसाळ्यात वाफे गादीसारखे उंच करावेत हे सर्वांस ठाऊक असते. उन्हाळ्यात याच्या उलट करावे. वाफ्याची पातळी भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटे खोल ठेवावी आणि निघालेल्या मातीचे वरंबे बांधावे. त्यामुळे दिलेले पाणी वाफ्यातच मुरते आणि कोवळ्या रोपांना तापलेल्या वाऱ्यापासून थोडा आडोसा मिळतो.

प्रत्येक चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. अर्धवट कुजलेले शेण उन्हाळ्यात घालणे घातक असते. ते कुजताना उष्णता निर्माण होते आणि उधईला निमंत्रण मिळते. काळ्या भारी जमिनीत उन्हाने भेगा पडतात व त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. धानाच्या बांध्यांची चिकण जमीन वाळल्यावर दगडासारखी टणक होते. दोन्ही ठिकाणी उपाय एकच, आणि तो म्हणजे आच्छादन. या भागात धानाची तणस विपुल मिळते. रोपे वीतभर झाल्यावर त्यांच्या बुंध्यापासून दोन बोटे अंतर सोडून चार बोटे जाडीचा तणशीचा थर द्यावा. झाडून काढलेला पालापाचोळा जाळून टाकण्याऐवजी याच कामी आणावा. आच्छादनाखाली उधईची माती दिसू लागल्यास तो थर उचलून उन्हात पसरावा, वाफा एकदा भरपूर भिजवावा आणि मग ताजे आच्छादन घालावे.

दहा वाफ्यांचा विनियोग पुढीलप्रमाणे करता येईल. पालक, मेथी आणि सांभार यांचे तीन वाफे, भेंडीचे दोन, गवार व बरबटी यांचा मिळून एक, हिवाळ्यात लावलेल्या वांगी-मिरचीचा एक, जमिनीवर पसरणाऱ्या काकडी व ढेमसे यांचा प्रत्येकी एक, आणि लवकी, दोडकी, कारली यांच्या मांडवाचा एक. पालेभाज्यांचे तीन वाफे मार्चअखेर संपतात. ते पुन्हा पेरू नयेत. तेव्हा सात वाफे उरतात. काकडी आणि ढेमसे यांचा बहर एप्रिलअखेर ओसरतो आणि पाच वाफे उरतात. अशा रीतीने बाग आपोआप २१ आणि मग १५ चौरस मीटरवर येते. रिकाम्या झालेल्या वाफ्यांची माती खणून उन्हात तापू द्यावी. जमिनीतील किडींचे कोष व तणांचे बी त्यामुळे बऱ्याच अंशी नष्ट होते.

मांडवाचा वाफा बागेच्या पश्चिम बाजूस असावा. दुपारनंतरचे ऊन सर्वांत त्रासदायक असते आणि वेलींची सावली नेमकी त्याच वेळी शेजारच्या वाफ्यांवर पडते. एप्रिलनंतर थोडा सांभार हवा असल्यास तो या मांडवाखालीच घ्यावा. धने पायाखाली हलके रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत.

पेरणी : काय आणि केव्हा

वेलवर्गीय भाज्यांची पेरणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावी. चिमूरच्या परिसरापुरते सांगायचे तर घोडायात्रेचे दिवस हेच पेरणीचे दिवस मानावेत. भेंडी, गवार आणि बरबटी यांचे बी फेब्रुवारीत पेरावे. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत कोरडे करून घेतल्यास उगवण लवकर व सारखी होते. दोन ओळींत ३० सेंटिमीटर व दोन झाडांत १५ सेंटिमीटर अंतर उन्हाळ्यात पुरेसे असते. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत पहिली तोडणी येते. त्यानंतर दर दिवसाआड तोडणी झालीच पाहिजे, कारण एक शेंग जून झाली की झाडाचा जोर तिच्यातील बियांकडे वळतो आणि नवी फुले कमी लागतात. परभणी क्रांती, अर्का अनामिका यांसारख्या सरळ जाती परसबागेस चांगल्या. त्यांचे बी घरी धरून पुढील वर्षी पेरता येते. संकरित वाणाचे बी मात्र पुन्हा पेरल्यास मूळ गुण टिकत नाहीत.

उशिरा पेरणी केल्यास वेल कोवळा असतानाच उन्हाची तीव्रता वाढते. टोमॅटोसारख्या पिकात दिवसाचे तापमान ३८ अंशांच्या पुढे गेले म्हणजे फुले येऊनही फळे धरत नाहीत. त्यामुळे टोमॅटोवर मे महिन्यात पाणी खर्च करणे व्यर्थ होय. हीच गोष्ट पालक-मेथीची. त्या उष्णतेने लवकर फुलोऱ्यावर येतात. त्यांची जागा उन्हाळ्यात चवळाई, अंबाडी आणि पोई यांनी घ्यावी. चवळाई पंचवीस ते तीस दिवसांत खुडणीस येते. पोईचा वेल मांडवाच्या एका खांबावर चढविला तर अनेक महिने पाने देतो.

वाफ्यांबाहेरची काही झाडे प्रत्येक घरी असावीत. मुंगना अर्थात शेवगा हे त्यांतील प्रमुख. एकदा मूळ धरल्यावर त्याला फारसे पाणी लागत नाही आणि भर उन्हाळ्यात त्याच्या शेंगा व कोवळा पाला मिळतो. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर केळी आणि धोपा, कुंपणाच्या कोपऱ्यात गोडनिंब, लिंबू आणि एखाददुसरी पपई लावावी.

मडक्याचे पाणी

वेलींना पाणी देण्याची एक जुनी व निर्दोष पद्धत म्हणजे जमिनीत पुरलेले मडके. चीनमधील फान शंग-ची यांच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन आढळते. पाच-सहा लिटरचे, झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, त्यात पाणी भरावे, तोंडावर झाकण ठेवावे आणि भोवती चार-पाच बिया लावाव्यात. माती कोरडी होईल तसे मडक्याच्या छिद्रांतून पाणी पाझरते आणि माती ओली असेल तेव्हा पाझर मंदावतो. वेलीची मुळे मडक्याला वेढून बसतात. पृष्ठभागावर पाणी न आल्याने ते उडून जात नाही आणि तणही वाढत नाही.

मडके निवडताना ते पाण्याने भरून रात्रभर ठेवावे. सकाळी बाहेरील बाजू ओलसर लागल्यास ते योग्य समजावे. मांडवाच्या वाफ्यात अशी तीन मडकी पुरतात. फेब्रुवारीत ती तिसऱ्या दिवशी भरली तरी चालतात, मे महिन्यात रोज भरावी लागतात. मडक्यात गाळलेले, बिनसाबणाचे पाणीच घालावे. अन्यथा छिद्रे बुजतात. झाकण कधीही विसरू नये. उघड्या व साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांची नवी पिढी तयार होते आणि हिवतापाने त्रस्त असलेल्या या भागात ती हयगय महागात पडते.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. मार्च-एप्रिल हा मोहफुले वेचण्याचा काळ. पहाटेच्या वेळी घरातील स्त्रिया मोहाच्या झाडाखाली गेलेल्या असतात आणि पाणी देण्यास सर्वांत योग्य अशी ती वेळ निघून जाते. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. उन्हाळी बाग अर्ध्यावर सुटते ती पुष्कळदा या कारणाने. मडकी सायंकाळी भरता येतात आणि ते काम घरातील पुरुष व मुले सहज करू शकतात. परसबाग ही स्त्रियांच्या वाढत्या कामात पडलेली आणखी एक भर ठरू नये, याची काळजी तिच्या प्रचारकांनी घ्यावयास हवी.

सांडपाण्याचा वापर

भांड्यांचे व न्हाणीचे पाणी थेट वाफ्यात सोडू नये. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून त्यात तळाशी मोठी गिट्टी, त्यावर बारीक गिट्टी आणि वर रेतीचा थर द्यावा. त्यातून उतरलेले पाणी पुढे लहान टाक्यात घेऊन त्याच दिवशी वापरावे. वरची रेती पंधरा दिवसांनी धुवावी. भांड्यांसाठी राख वापरणाऱ्या घरांचे पाणी तुलनेने सौम्य असते, तरी राख खाली बसू द्यावी. साबणातील क्षार मातीत साठत गेल्यास माती घट्ट होते. म्हणून आठवड्यातून एकदा साध्या पाण्याची पाळी द्यावी. साठलेले क्षार पुढे पावसाने वाहून जातात. हे पाणी झाडाच्या बुंध्याशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या सांभार व काकडीला ते देऊच नये. उरलेले पाणी शोषखड्ड्यात जावे.

फळधारणा आणि कीड

वेलीला फुले भरपूर येतात पण फळे धरत नाहीत, ही उन्हाळ्यातील नेहमीची तक्रार असते. उष्णतेमुळे नरफुलांचे प्रमाण वाढते आणि कडक उन्हात मधमाश्यांचा वावर मंदावतो. मादीफुलाच्या मागे लहानसे फळ असते, नरफुलाचा देठ सरळ असतो. एवढी ओळख असल्यास हाताने परागसिंचन करता येते. नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यभागी हळुवार टेकवावेत. वेळ मात्र साधली पाहिजे. काकडी, कारली, ढेमसे व कोहळे यांची फुले सकाळी उमलतात. लवकी आणि दोडकी यांची फुले सायंकाळी उमलतात. लवकीचे परागसिंचन सकाळी करणाऱ्याचा प्रयत्न म्हणूनच वाया जातो. फुलांचे हे निरीक्षण शाळेतील मुलांसाठी विज्ञानाचा उत्तम पाठ ठरू शकेल.

फळमाशीने डंख केलेली फळे पिवळी पडून गळतात. ती उकिरड्यावर टाकल्यास माशीची पैदास तेथेच सुरू राहते. अशी फळे दररोज वेचून हातभर खोल पुरावीत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर ते झाड उपटून नष्ट करावे. हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि रोगट झाड पुन्हा सुधारत नाही. इतर किडींसाठी निंबोळी अर्क पुरेसा आहे. ५० ग्रॅम निंबोळी भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी गाळून त्यात किंचित साबण मिसळावा आणि तो अर्क सायंकाळी फवारावा. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. त्या त्याच वेळी वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्यास पुढील वर्षाची तजवीज होते. शेतातील कापसासाठी आणलेले विषारी औषध परसबागेत वापरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ज्या भाजीची तोडणी दिवसाआड होते, तिच्यावरील विष उतरण्यास अवधीच मिळत नाही.

कुंपण : येथील परिस्थितीचा विशेष

चिमूर तालुक्यातील अनेक गावे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेलगत आहेत. प्रकल्पाचे कोलारा प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे. उन्हाळ्यात जंगलातील पाणी आटते आणि हिरवी परसबाग रानडुकरे, वानरे व मोकाट जनावरे यांना खुणावू लागते. बिबट्या कुत्र्यांच्या व शेळ्यांच्या मागावर वस्तीपर्यंत येतो. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रियांना एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले. अशा प्रदेशात परसबागेची आखणी करताना सुरक्षिततेचा विचार सर्वप्रथम व्हावयास हवा.

कुंपण बांबूच्या कामट्यांचे, मजबूत पण आरपार दिसणारे असावे. दाट झुडपांचे कुंपण श्वापदाला लपण्यास जागा देते. मांडव घराच्या दारापासून व शौचालयाच्या वाटेपासून दूर असावा आणि त्याच्या खालचा भाग मोकळा ठेवावा. अंधारात एकट्याने बागेत जाऊ नये. सायंकाळचे पाणी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे. शेळ्या बागेलगत बांधू नयेत. कुजणारे अन्न उघड्यावर टाकू नये, कारण त्यामुळे रानडुकरे व कुत्री येतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो.

एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याहून अधिक म्हणजे तो जिवावरचा खेळ आहे. रानडुकरासाठी लावलेल्या तारेला शेजाऱ्याचे मूलही लागू शकते. चार भेंड्या वाचविण्यासाठी असा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. प्राण्यांचा उपद्रव फार असल्यास बाग लहान करून घराच्या भिंतीलगत आणावी आणि वेल छपरावर चढवावेत.

शाळेची बाग

शालेय पोषण आहाराच्या जोडीला शाळांतून परसबागा करण्यास २०१९ पासून केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी विशेष चालना मिळाली. विदर्भातील शाळांपुढे याबाबतीत एक वेगळी अडचण आहे. येथील शाळा उन्हाळी सुटीनंतर राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. सुटी लागली की शाळेच्या बागेला वाली उरत नाही आणि वर्षभराचे श्रम वाया जातात.

शाळेने म्हणून फेब्रुवारीत अशीच पिके पेरावीत की जी एप्रिलअखेर संपतील. चवळाई, काकडी, बरबटी आणि ढेमसे ही त्या दृष्टीने सोयीची. भेंडी व वेलींची बाग शाळेत न करता मुलांच्या घरी बी वाटून करावी. मेपुरती शाळेत राहतात ती शेवगा, लिंबू, गोडनिंब ही झाडे. त्यांच्याजवळ पुरलेली मडकी शाळेलगत राहणाऱ्या पालकांनी आळीपाळीने भरावीत. शाळेने आपल्या बागेतून बियाणे राखून ठेवले आणि जूनअखेर प्रत्येक मुलाला एक पुडी दिली, तर अनेक घरांपर्यंत परसबाग पोहोचेल. लवकीचे एक चांगले फळ वेलीवरच पूर्ण वाळू द्यावे, भेंडीच्या चार शेंगा जून होऊ द्याव्यात, बी सावलीत वाळवून राखेत मिसळून झाकणाच्या डब्यात ठेवावे. एवढेच त्यासाठी पुरे.

ग्रामपंचायतीकडून अपेक्षा

घरोघरीची बाग ही कुटुंबाची बाब असली तरी तिचे यश गावाच्या काही निर्णयांवर अवलंबून असते. पीक निघाल्यावर जनावरे मोकळी सोडण्याची प्रथा उन्हाळी बागेच्या मुळावर येते. ग्रामसभेत चर्चा करून निदान वस्तीतील मोकाट जनावरांना आवर घालणे आणि कोंडवाडा चालू ठेवणे, हे पंचायतीचे काम होय. हातपंप व सार्वजनिक नळ यांच्याजवळ वाया जाणारे पाणी लगतच्या भूमिहीन कुटुंबांच्या वाफ्यांकडे वळविता येईल. ज्यांना सांदवाडीच नाही, त्यांच्यासाठी ही सोय विशेष मोलाची ठरेल. गावातील मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मार्च-एप्रिलमध्ये जसजसा आटतो तसतशी त्याच्या काठची ओलसर पेऱ्याची जमीन उघडी पडते. तेथे काकडी व टरबूज यांसारखी पिके बचतगटांना घेता येतील काय, याचा विचार तलावाचे पाणी व मासेमारी यांस बाधा न आणता करता येईल. या कामी सिंदेवाही येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला उपलब्ध आहे.

नोंद कशाची ठेवावी, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. पोषण महिना सप्टेंबरात असतो. त्या वेळी चंद्रपूर-गडचिरोलीत कोणतेही परसू हिरवेच असते आणि बागांचे आकडे भरघोस दिसतात. खरी कसोटी मे महिन्यात लागते. ग्रामसेवक, आशा सेविका किंवा बचतगट यांनी वैशाखात एकदा गावातून फेरी मारून, किती घरी निदान पाच वाफे जिवंत आहेत एवढीच नोंद घेतली, तरी ती अनेक पानी अहवालापेक्षा अधिक उपयोगी पडेल. जेथे बाग टिकली तेथे ती कशाने टिकली आणि जेथे वाळली तेथे कशाने वाळली, हे त्यातून उमगेल.

अपेक्षा वास्तव असावी

या लेखात वर्णिलेल्या तीस चौरस मीटरच्या बागेतून फेब्रुवारीअखेर ते मे या काळात सर्व साधले तर सुमारे ४० किलो भाजी मिळावी. दररोजचा हिशेब काढल्यास ती साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. कुटुंबाची गरज २ किलोची आहे. म्हणजे ही बाग गरजेचा चौथा हिस्साही पूर्ण भागवीत नाही. हे आधीच सांगितलेले बरे. कारण ‘परसबागेने बाजार बंद’ असे सांगून सुरू केलेली बाग अपेक्षाभंगाने बंद पडते.

परंतु हा चौथा हिस्सा ज्या दिवसांत मिळतो, त्या दिवसांचे मोल ध्यानात घेतले पाहिजे. वैशाखाच्या उन्हात, मजुरी आटलेली असताना आणि बाजारातील भाजी आवाक्याबाहेर गेलेली असताना गरोदर स्त्रीच्या, वाढत्या मुलाच्या ताटात ताजी भाजी पडते. भाजीवर वाचलेले चार पैसे डाळीकडे किंवा अंड्यांकडे वळू शकतात. आणि मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा त्या घरी पाच वाफे तयार असतात, बी डब्यात असते, शेवग्याला पालवी असते. पावसाळी बाग तेथे नव्याने सुरू करावी लागत नाही. ती फक्त पाच वाफ्यांवरून दहा वाफ्यांवर न्यावयाची असते.